किती जवळून बघायचं?

नवा टीव्ही किंवा मॉनिटर समोर आला की मी आधी त्यावरचं चित्र बघत नाही. खिशातलं भिंग काढतो आणि पडद्याला जवळजवळ नाक लावतो. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. आजूबाजूचे लोक विचित्र नजरेनं बघतात, त्याची आता सवय झाली आहे. व्हिडिओ संपादन आणि रंगदुरुस्ती हे माझं रोजचं काम. दिवसभर पडद्यावरचंच बघत असतो. पण पडद्यावरचं बघणं वेगळं आणि पडदा बघणं वेगळं.

भिंगातून दिसतं ते असं. पांढरा रंग कुठेच नसतो. चित्रात भलेही पांढराशुभ्र ढग असेल, भिंगाखाली मात्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा बारीक उभ्या पट्ट्या दिसतात. तिघींचा एक गट, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा, आणि सगळ्यांच्या मधून गेलेली काळी जाळी. मागून दिव्यांचा प्रकाश सोडणाऱ्या एलसीडीत या पट्ट्या बहुधा एका मापाच्या, रांगेत उभ्या केल्यासारख्या. फोनच्या ओएलईडी पडद्यावर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, मांडणी निराळी. तिथे निळ्याला बहुतेकदा जास्त जागा दिलेली असते, कारण निळा प्रकाश देणारा पदार्थ इतर दोघांपेक्षा लवकर झिजतो. चेहऱ्याच्या क्लोजअपमध्ये डोळ्यात चमकणारा जो ठिपका आपल्याला जिवंत वाटतो, तो म्हणजे पूर्ण उजळलेले मोजके गट. बाकी काही नाही.

मग भिंग खिशात टाकायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. आधी काळी जाळी जाते. मग पट्ट्या एकमेकींत मिसळतात. आणखी थोडं मागे गेलं की ढग ढग होतो. हा क्षण नेमका किती अंतरावर येतो, हाच या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे असं मला वाटतं. पिक्सेलची, म्हणजे या रंगीत गटांची, संख्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापतात, जणू तो एकट्या पडद्याचा गुण आहे. खरं तर ती संख्या पडदा आणि बघणारा यांच्यातल्या अंतराबद्दल काहीतरी सांगत असते. अंतर सांगितल्याशिवाय तिला अर्थच नाही.

हिशेब अवघड नाही. डोळे तपासताना अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, त्यातली सहा बाय सहा नजर म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, म्हणजेच एक कला, एवढ्या कोनात असलेला तपशील वेगळा ओळखता येणं. एका अंशात साठ पिक्सेल बसले की अशा नजरेला पिक्सेल सुटे दिसत नाहीत. या मापानं फुल एचडी, म्हणजे १०८० ओळींचं चित्र, पडद्याच्या उंचीच्या साधारण ३.२ पट अंतरावरून अखंड दिसतं. फोर-केच्या २१६० ओळींना ते अंतर १.६ पट होतं आणि एट-केच्या ४३२० ओळींना ०.८ पट. आता हे सेंटिमीटरमध्ये मांडून बघा. ५५ इंची टीव्हीची उंची साधारण ६८ सेंटिमीटर. म्हणजे एचडीसाठी सव्वादोन मीटरच्या आसपास, फोर-केसाठी एक मीटर दहा सेंटिमीटर आणि एट-केसाठी फक्त ५५ सेंटिमीटर. त्याहून लांब बसलात की जास्तीचे पिक्सेल तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. पैसे मात्र त्यांचेही मोजलेले असतात.

आणि सोफा कुठे ठेवायचा हे कोणीही पिक्सेल मोजून ठरवत नाही. भिंत कुठे आहे, दार कुठे उघडतं, प्लग कुठे आहे यावरून ते ठरतं. पडद्याचं तंत्र इतक्या पिढ्या पुढे गेलं, सोफा आपला आहे तिथेच.

गंमत म्हणजे प्रत्येक पिढीला आपलंच चित्र शेवटचं वाटत आलं आहे. जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकानं जानेवारी १९२६ मध्ये लंडनमध्ये जे दाखवलं, त्यात अवघ्या ३० ओळी होत्या. चेहरा आहे, तोंड हलतंय, एवढं कळत होतं, आणि बघणारे थक्क झाले होते. दहा वर्षांनी, २ नोव्हेंबर १९३६ रोजी, बीबीसीनं अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रसारण सुरू केलं. तिथे बेअर्डची २४० ओळींची यंत्रणा आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची यंत्रणा आळीपाळीनं चालवून बघितल्या. काही महिन्यांतच बेअर्डची यंत्रणा बाद झाली. या दोन्हींना तेव्हा अधिकृतपणे ‘हाय डेफिनिशन’ म्हणत. ४०५ ओळींचं ते ब्रिटिश प्रसारण १९८५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनं तर एकदम ८१९ ओळींवर उडी मारली. चित्र त्या काळाच्या मानानं फार सुंदर होतं, पण त्यासाठी हवेतली जागाही, म्हणजे प्रसारणाच्या लहरींचा पट्टाही, तितकीच जास्त लागायची. अखेर शेजाऱ्यांच्या ६२५ ओळींशी जुळवून घ्यावं लागलं.

या साऱ्या मंडळींचा प्रश्न एकच होता: जास्तीत जास्त किती ओळी पाठवता येतील? १९६४ चं टोकियो ऑलिंपिक आटोपल्यावर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न उलटा विचारला गेला, आणि या इतिहासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तीच आहे. रंगीत टीव्ही आलेला होता, आता पुढे काय, असा विषय होता. ताकाशी फुजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळी मोजण्याआधी माणसं बसवली. चित्र किती रुंद झालं की बघणाऱ्याला आपण खिडकीतून डोकावत नसून त्या जागीच आहोत असं वाटायला लागतं, हे त्यांनी तपासलं. साध्या टीव्हीचं चित्र तेव्हा डोळ्यासमोरचे जेमतेम दहा अंश व्यापत होतं. ते तीस अंशांपर्यंत गेलं की काहीतरी बदलतं, असं त्यांच्या लक्षात आलं. तीस अंश हवेत तर पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायला हवं. तिथून ओळी दिसू नयेत तर त्या हजाराच्या वर हव्यात. आणि पडदा जास्त रुंद हवा. या वाटेनं ते ११२५ ओळींपर्यंत पोचले. आधी डोळा, मग खुर्ची आणि सगळ्यात शेवटी ओळी.

१९८१ मध्ये त्यांनी ते अमेरिकेत नेऊन दाखवलं आणि तिथल्या सिनेमावाल्यांपासून राजकारण्यांपर्यंत सगळ्यांची झोप उडाली. पुढचं राजकारण इथे सांगत बसत नाही. एवढंच की जपानचं प्रसारण ॲनालॉग होतं, ते १९९१ मध्ये रोजचं झालं, पण त्याच्या आदल्याच वर्षी जनरल इन्स्ट्रुमेंट या अमेरिकी कंपनीनं संपूर्ण डिजिटल एचडीचा प्रस्ताव मांडला होता आणि जगाची गाडी त्या रुळावर गेली. पंचवीस वर्षं खपून उभं केलेलं तंत्र घराघरात पोचेपर्यंत जुनं झालं. पडदा रुंद झाला तो मात्र कायमचाच.

एनएचकेची माणसं चिवट. १९९५ मध्ये त्यांनी पुढचं काम हातात घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तीस अंशांत तिथे असल्यासारखं वाटायला लागतं, मग ते वाढत वाढत कुठे थांबतं? साधारण ८० ते १०० अंशांच्या दरम्यान, असं उत्तर निघालं. त्यापुढे पडदा रुंद करून फारसा फरक पडत नाही. १०० अंश म्हणजे पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट अंतर. तिथून पिक्सेल दिसू नयेत म्हणून ७६८० बाय ४३२०. एट-के हा आकडा असा आला. तो कुणी हवेतून पकडलेला नव्हता, किंवा ‘चौपट, मग चौपट’ अशा दुकानदारीतूनही आला नव्हता.

तो आकडा प्रत्यक्षात आणणं हे निराळंच प्रकरण होतं. तीन कोटी ३१ लाख ७७ हजार ६०० पिक्सेलचा सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, तेव्हा नव्हताच. मग ऐंशी लाख पिक्सेलचे चार सेन्सर घेतले, एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे. हिरव्यांपैकी एक किंचित सरकवून बसवला, म्हणजे दोघांच्या मधल्या जागा भरून निघतील. हिरवाच का, तर बारीक तपशील ओळखताना डोळा सगळ्यात जास्त भिस्त त्याच भागातल्या प्रकाशावर ठेवतो. रेकॉर्डिंगसाठी १६ एचडी रेकॉर्डर एकत्र जोडले, प्रत्येकाकडे चित्राचा सोळावा हिस्सा. एवढा सगळा लवाजमा जेमतेम १८ मिनिटांचं चित्रण साठवू शकत होता. २००५ च्या आइची प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकची दृश्यं मोजक्या ठिकाणी मोठ्या पडद्यांवर दाखवली गेली, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं फोर-के आणि एट-के या दोन्हींचं मानक ठरवलं, आणि १ डिसेंबर २०१८ रोजी एनएचकेची एट-के वाहिनी सुरू झाली.

मधली एक कथा सांगायलाच हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. २००१ मध्ये आयबीएमनं २२ इंची एक मॉनिटर काढला, टी२२१ या मालिकेतला. ३८४० बाय २४०० पिक्सेल, दर इंचाला २०४. आज हातात धरून बघितला तरी लाज वाटणार नाही असा. अमेरिकेतल्या अण्वस्त्र प्रयोगशाळांमध्ये संगणकावर चालणाऱ्या प्रयोगांची चित्रं बारकाईनं बघायला असलाच पडदा हवा होता. पण तो चालवायला चार केबल जोडाव्या लागत आणि तरी चित्र सेकंदाला चाळीस-पन्नास वेळाच बदले. त्याहून मोठी अडचण सॉफ्टवेअरची. तेव्हाची संगणक प्रणाली धरून चाललेली असे की पडद्याच्या एका इंचात शंभराच्या आत पिक्सेल असतात. त्यामुळे या मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी दिसत आणि बटणांवर माऊस नेमका टेकवता येत नसे. पडदा आला होता, पण त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. काही वर्षांत तो बंद पडला. २०१० मध्ये ॲपलनं ३२६ पिक्सेल प्रति इंचाचा फोन आणला आणि दहा-बारा इंचांवरून पिक्सेल दिसत नाहीत असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा कुठे दाट पडद्यांना बरे दिवस आले. फोनची गोष्ट सोपी असते. तो कुठे धरायचा हे आपला हात ठरवतो आणि हात सगळ्यांचे सारखेच लांब.

आता परत पडद्याच्या आत जाऊ. भिंगातून दिसणाऱ्या त्या काळ्या जाळीत खरी मारामारी चाललेली असते. एलसीडीत प्रत्येक रंगीत पट्टीला स्वतःचा एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेची चिमुकली कळ, लागतो, काचेवर पातळ थर देऊन बनवलेला. एट-केमध्ये असे जवळजवळ दहा कोटी. एका रांगेतल्या सगळ्यांना एकाच वेळी विजेचा निरोप दिला जातो, मग पुढची रांग, मग त्याच्या पुढची. सेकंदाला १२० चित्रं दाखवायची तर ४३२० रांगांपैकी एकीच्या वाट्याला दोन मायक्रोसेकंदसुद्धा येत नाहीत. एवढ्यात रांगेच्या या टोकाला दिलेला निरोप त्या टोकाला पोचून प्रत्येक पट्टीत नेमका विद्युतभार भरला जायला हवा. मोठ्या पडद्यात ही तार मीटर-दीड मीटर लांब आणि केसाहून कितीतरी बारीक असते. तिच्यातल्या रोधामुळे निरोप वाटेत मंदावतो. म्हणून तारेत ॲल्युमिनियमऐवजी तांबं आलं. ट्रान्झिस्टर आधी अस्फटिकी सिलिकॉनचे असत. त्यातून विद्युतकण रखडत जातात. हिदेओ होसोनो या जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडपासून ट्रान्झिस्टर करून दाखवला, त्यात ते कण दसपटीहून वेगानं धावतात. वेग वाढला म्हणजे ट्रान्झिस्टर लहान करता येतो, आणि तो लहान झाला म्हणजे त्यानं अडवलेली जागा प्रकाशाला मोकळी मिळते.

कारण पिक्सेल चौपट केले तरी तारा आणि ट्रान्झिस्टर चौपट बारीक होत नाहीत. खिडकीला बारीक डासजाळी लावली की वारा कमी येतो, तसा पडदा जितका दाट तितका मागचा प्रकाश जाळीतच अडकतो. तेवढाच उजेड समोर पोचवायचा तर मागचे दिवे जास्त तेजानं पेटवायचे, म्हणजे जास्त वीज आणि जास्त उष्णता. युरोपीय संघानं मार्च २०२३ पासून टीव्हीच्या वीजवापराचे नियम कडक केले तेव्हा सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती एट-के संचांची. त्यावर बऱ्याच कंपन्यांनी काढलेला तोडगा असा की संच खोक्यातून बाहेर येतो तो मंद उजेडाच्या सेटिंगवरच. जास्त तेज हवं तर मेन्यूत जाऊन स्वतः चालू करा. तीन कोटी पिक्सेल, पण अर्ध्या उजेडात.

माझ्या कामात मला याहून जास्त छळते ती हालचाल. समजा एक धावपटू एट-के पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चार सेकंदांत गेला. सेकंदाला ६० चित्रं धरली तर तो दर चित्रात ३२ पिक्सेल पुढे सरकतो. कॅमेऱ्याचं शटर त्यातला अर्धा वेळ उघडं राहिलं तरी त्याचा चेहरा १६ पिक्सेलांवर फासला जातो. एट-केचे १६ पिक्सेल म्हणजे एचडीचे चार. थोडक्यात, मैदानातलं गवत एट-के, त्यावरून पळणारा माणूस एचडीपेक्षाही पुसट. शटरचा वेळ कमी केला तरी सुटका नाही, कारण पडदा प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो आणि त्या वेळात डोळा धावपटूच्या मागे पुढे सरकलेला असतो. पडद्यावर चित्र स्वच्छ, डोळ्यात मात्र फरफटलेलं. मानकात सेकंदाला १२० चित्रांची सोय केली आहे ती याचसाठी, पण तशी चित्रं बनवून पाठवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. टीव्हीच्या दुकानात एट-केवर फुलं, दागिने आणि डोंगरच का दाखवतात हे यावरून समजावं. ते हलत नाहीत.

चित्रण करणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. एकदा माझ्याकडे एट-केमध्ये घेतलेली एक मुलाखत आली. जागेवर छोट्या मॉनिटरवर सगळ्यांनी बघितली होती, सगळ्यांना ती छान वाटली होती. पूर्ण आकारात उघडल्यावर दिसलं की बोलणाऱ्या बाईंच्या कानातल्या कुडीचा एकेक मोती लख्ख आहे आणि डोळे किंचित मऊ. फोकस डोळ्यांच्या चार बोटं मागे बसला होता. एचडीत हे कुणाला कळलंही नसतं. एट-केला चुका लपवता येत नाहीत. भुवईची पेन्सिल, नेपथ्याच्या फळीचा सांधा, भिंतीवर रंगवलेलं खोटं दगडकाम, सगळं उघडं पडतं. म्हणून आज छायाचित्रणकार काय करतात? जगातले सगळ्यात तीक्ष्ण सेन्सर घेतात आणि त्यांच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं जुनी, कडेला थोडी धूसर होणारी लेन्स लावतात, वर धुकट काचेचा फिल्टर. इंजिनियरांनी घासून घासून आणलेला तपशील चेहऱ्यासाठी परत पुसला जातो. मला यात काही चूक वाटत नाही. चेहरा हा काही नकाशा नव्हे.

मग एट-के दिसतं का? थेट उत्तर हवं असेल तर: घरच्या अंतरावरून बहुतेकांना नाही. २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या पुढाकारानं एक चाचणी झाली. खऱ्या एट-के चित्राशेजारी तेच चित्र आधी फोर-केपर्यंत घटवून पुन्हा एट-केवर आणलेलं ठेवलं, आणि कोणतं कुठलं हे ना बघणाऱ्यांना ठाऊक ना दाखवणाऱ्यांना. बहुतेकांना फरक सांगता आला नाही. ज्यांची नजर फार चांगली होती आणि जे अगदी पुढच्या रांगेत होते, त्यांना थोडासा जाणवला. पुन्हा नजर आणि अंतरच.

पण इथे थांबून ‘बघा, सगळी जाहिरातबाजी’ असं म्हणून मोकळं होता येत नाही. एका कलेचं ते माप सरासरी धडधाकट नजरेचं आहे, डोळ्याच्या मर्यादेचं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत काळ्या-पांढऱ्या तपशिलासाठी एका अंशात सरासरी ९४ पिक्सेलांपर्यंत फरक ओळखता आला. पिवळ्या-जांभळ्यासाठी मात्र फक्त ५३. दोन रेषा एका सरळीत आहेत की किंचित सरकल्या आहेत हे तर डोळा एका कलेच्या कितीतरी लहान हिश्श्यापर्यंत ओळखतो. म्हणून तिरक्या तारा, जहाजाचे दोर, दूरच्या इमारतीच्या कडा यांत पायऱ्या-पायऱ्या दिसतात, पिक्सेल दिसत नसले तरी. एनएचकेच्याच लोकांनी खरी वस्तू आणि तिची प्रतिमा यांतलं खरं कोणतं असं विचारून पाहिलं, तेव्हाही खरेपणाचं भान साठ पिक्सेलांच्या बरंच पुढेपर्यंत वाढत जाताना आढळलं. नजरेला वेगळं दाखवता येत नाही तरी काहीतरी जाणवतं, असा हा चमत्कारिक पट्टा आहे. मी स्वतः तो अनुभवला आहे, मोठ्या पडद्यापुढे हातभर अंतरावर उभं राहून, एका जंगलाच्या चित्रापुढे. कडा नजरेबाहेर गेल्या होत्या आणि मला मान वळवून बघावं लागत होतं. त्या वेळी मी भिंगाला हातही लावला नाही.

तरीही मला कुणी निवडायला सांगितलं तर मी जास्त पिक्सेलांऐवजी चांगले पिक्सेल घेईन. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. जुन्या टीव्हीचं चित्र १०० निट्सच्या हिशेबानं बनवलं जात असे. एचडीआर, म्हणजे उजेड-काळोखाचा पल्ला वाढवलेलं चित्र, त्याच्या मानकात १०,००० निट्सपर्यंत जागा आहे. आमच्याकडे संपादनाला असणारे मॉनिटर साधारण हजारापर्यंत जातात, पण तेवढ्यातही पाण्यावर चमकणारं ऊन आणि पांढरा कागद यांतला फरक प्रथमच दाखवता आला. आधी दोन्ही पांढरेच होते. रंगांचंही तसंच. जुन्या एचडीच्या रंगमर्यादेत डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्या आलेखाचा जेमतेम ३६ टक्के भाग बसत असे, २०१२ च्या मानकात तो ७६ टक्क्यांच्या आसपास गेला. हे फरक सोफ्यावरून दिसतात, चष्मा न लावताही दिसतात. पण ‘एट-के’ हे खोक्यावर दोन अक्षरांत मावतं. उजेड आणि काळोख यांचं प्रमाण तसं मावत नाही.

आणि पडदा घेतला तरी त्यावर दाखवायचं काय? कच्च्या एट-के चित्राला सेकंदाला तीस गिगाबिट तरी लागतात. प्रसारणात ते शंभर मेगाबिटच्या आसपास दाबून बसवलं जातं, म्हणजे तीनशेतला एक भाग. आणि असं प्रसारणही विरळाच. बाकीचा वेळ संच एचडी किंवा फोर-के चित्रच ताणून दाखवत असतो. एचडीवरून एट-केवर जाताना सोळा पिक्सेलांपैकी एकच बाहेरून आलेला असतो. उरलेले पंधरा संचातल्या चिपनं अंदाजानं भरलेले असतात. पूर्वी हा अंदाज साधा असे, शेजाऱ्यांची सरासरी काढायची. आता त्या चिपला लाखो चित्रं दाखवून शिकवलेलं असतं, त्यामुळे केस कसे असतात, विटा कशा असतात, गवत कसं असतं हे तिला माहीत आहे आणि ती ते रंगवते. छान रंगवते. भिंगातून बघितलं तर पात्यांच्या कडा धारदार. फक्त त्या पात्या तिथे होत्या की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. सिनेमा बघताना मला याचं काही वाटत नाही. पण दूरच्या गाडीची नंबरप्लेट अशा चिपनं ‘स्पष्ट’ केली, तर ती मी पुरावा म्हणून कधीच धरणार नाही.

म्हणूनच खरा तपशील जिथे जिवाशी येतो, तिथे हे पडदे सोफ्यापुढे शोभतात त्याहून जास्त शोभतात. स्तनांच्या एक्स-रेसाठी पन्नास लाख पिक्सेलचे खास मॉनिटर कधीपासून वापरात आहेत, आणि डॉक्टर ते हातभर अंतरावरून, वाकून बघतात. जपानमध्ये २०१४ पासून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत एट-के कॅमेरा वापरून पाहिला जातोय. त्याचा फायदा नुसतं बारीक दिसण्यात नाही. चित्रात इतका तपशील असतो की कॅमेरा अवयवापासून लांब ठेवून हवा तो भाग पडद्यावर मोठा करता येतो, आणि कॅमेरा लांब राहिला म्हणजे पोटाच्या आत हत्यारांना हलायला जागा मिळते. सुईमागचा दोरा केसाहून बारीक, आणि तो दिसावा लागतो. तिथे कुणी ‘फरक कळतो का’ असं विचारत नाही.

दुसरी जागा म्हणजे डोळ्यांवर घालायचे पडदे. ॲपलच्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून दोन कोटी तीस लाख पिक्सेल आहेत, एकेक साडेसात मायक्रॉनचा. आकडा ऐकायला प्रचंड, पण चित्र इतक्या रुंद कोनात पसरतं की एका अंशाच्या वाट्याला साठच्या बरेच कमी येतात. म्हणून या लोकांनी डोळ्याचाच एक दोष कामाला लावला. आपल्याला सगळं समोरचं दृश्य स्पष्ट दिसतंय हा भास असतो. दृष्टिपटलाच्या मधला चिमुकला खळगाच तीक्ष्ण बघतो, साधारण दोन अंशांपुरता. साठच्या मापानं तो १२० बाय १२०, म्हणजे १४,४०० पिक्सेल. बाकीचं डोळा भराभर फिरून गोळा करतो. हेडसेटमधले बारके कॅमेरे बाहुली कुठे वळली आहे हे टिपत राहतात आणि संगणक तेवढाच भाग तब्येतीनं रंगवतो, कडेचा भाग उरकून टाकतो.

एकाच माणसासाठी असलेल्या पडद्याला ही चलाखी परवडते. भिंतीवरच्या पडद्याचं तसं नाही. समोर चार जण बसलेले, एकाची नजर चेंडूवर, एकाची धावफलकावर, एक फोनमध्ये आणि एक झोपलेला. कोण कुठे बघतंय हे त्याला माहीत नाही. त्यामुळे तो सेकंदाला साठदा तीन कोटी ३१ लाख ७७ हजार ६०० पिक्सेल सगळ्यांसाठी तयार ठेवतो.